हुंकारासाठी सोडलेली जागा

नागपूर
८ जुलै १९६५

श्री. उत्तमराव सोनुने,
निमंत्रक, रेडिओ श्रोता मंडळ,
यांस सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या एका महाविद्यालयात वृत्तपत्रविद्या आणि वक्तृत्व हे विषय शिकवते. रेडिओवरचं बोलणं खेड्यातल्या माणसांपर्यंत कसं पोचतं आणि पोचल्यावर त्याचं काय होतं, याचा अभ्यास सध्या हाती घेतला आहे. सभेत वक्ता समोर असतो. त्याचे हात दिसतात, घाम दिसतो, तो कुणाकडे पाहून बोलतो ते कळतं. रेडिओवर यातलं काहीच नाही. तरी लोक ऐकतात, आणि काही वेळा त्यांना पटतंही. का पटतं, ते मला पाहायचं आहे. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातली काही मंडळं निवडली आहेत, त्यांत आपलंही आहे. निवड मी केलेली नाही, ती रेडिओ केंद्राकडून झाली.

आपल्या मंडळाचे अहवाल मी पाहिले. अक्षर शालिग्राम मास्तरांचं आहे, सही आपली आहे. सोमवारी संकरित ज्वारीवर चर्चा झाली, गुरुवारी खतांवर झाली, शनिवारी भजनं ऐकली. मंगळवारपुढे मात्र दर वेळी 'संच नादुरुस्त' एवढंच लिहिलेलं आहे. बाकीचे वार संच चालतो, त्या अर्थी दोष फार मोठा नसावा.

मंगळवारी संध्याकाळी 'घरातलं बोलणं' या सदरात माझं भाषण असतं. त्याचा वरच्या गोष्टीशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. अभ्यासाच्या दृष्टीनं आठवड्याचे सगळे वार सारखे, म्हणून विचारते.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
पंचफुला वाघ

ता. क. मायच्या कानात गरम तेल घालतात असं कळलं. घालू नये. झुंबरवहिनींना तसं सांगावं.


रोहिणखेड
३ ऑगस्ट १९६५

श्री. निमंत्रक यांस,

मंडळाचं उत्तर मिळालं. 'मंगळवारी बॅटरी उतरते व बुधवारी चढते, सबब क्षमस्व.' वाक्य मास्तरांचं आहे. युक्तिवाद आपला असावा. तो मी अभ्यासाच्या कागदांत ठेवून दिला आहे. वर्गात उपयोगी पडेल.

गेले काही दिवस मी रोहिणखेडला आहे. इथलं मंडळ जुन्या मशिदीच्या अलीकडे एका ओसरीवर भरतं. मी कोपऱ्यात बसते. रेडिओ ऐकायला मी येतच नाही. मी माणसं ऐकते.

गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं, ही आपल्याकडची रीत आपल्याला सांगायला नको. हूं बंद झालं की सांगणाराही थांबतो. इथे मंडळ नवं होतं तेव्हा लोक रेडिओलाही हूं म्हणत असत. त्यात गंमत करण्याचा हेतू नव्हता. समोर कुणी बोलत असताना दगडासारखं बसायचं, हे त्यांना बरं दिसलं नसतं. एक म्हातारे मला म्हणाले, "पहिले पहिले म्या हाव हाव म्हणो. पण तो बुवा थांबतच नाई. मंग मीच थांबलो."

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. रेडिओवर बोलणाऱ्यांचे शब्द शुद्ध असतात, आवाज गोड असतात, माहिती बरोबर असते. पण ज्याला आपलं हूं नको आहे तो आपल्याशी बोलत नाही, तो नुसता बोलतो आहे, असं हे लोक धरून चालतात. मग ते विडी पेटवतात आणि आपसांत बैलांच्या गोष्टी काढतात. खाली रेडिओ चालू राहतो.

काल इथला संच खरखर करत होता म्हणून धाडहून बद्रुद्दीन आले होते. सायकली आणि रेडिओ दोन्ही दुरुस्त करतात, आपल्या मंडळाचा संचही तेच पाहतात. मी सोनुन्यांची कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सहज विचारलं, त्या गावच्या संचाला मंगळवारी काय होतं?

"बाईसाहेब, त्या सेटचं मले काई समजलं नाई," ते म्हणाले. "मंगळवारी बिमार पडते, बुधवारी सकाळी आपोआप बरा. हकीम नाई, दवा नाई. म्या उत्तमरावले म्हटलं, मालक, याले मंगळवारचा उपास हाय काय?"

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, बद्रुद्दीन, तू बॅटरी पाह्य."

"आणि बॅटरी?"

"बॅटरी एकदम तगडी. पंचायतीतली सगळ्यात तगडी चीज तेच हाय."

ओसरीवरचे सगळे हसले. मीही हसले. नंतर मी त्यांना माझं आडनाव सांगितलं आणि माहेरचंही सांगितलं. त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाले, "आता समजलं. हे बिमारी मायाच्यानं दुरुस्त होत नाई."

अभ्यासाला पुरेसं साहित्य मिळत आहे. दादा, बॅटरी चांगली आहे.

पंचफुला


नागपूर
२७ सप्टेंबर १९६५

दादा,

या वेळी वरचा मायना लिहिला नाही. निमंत्रकाला लिहिलेल्या पत्राला निमंत्रक उत्तर देतो, आणि मला आता बॅटरीबद्दल आणखी काही जाणून घ्यायचं नाही.

लढाईच्या दिवसांतले तुमचे अहवाल आले. संच सगळे दिवस चालू होता, मंगळवारीही. बद्रुद्दीन सुटे भाग घ्यायला नागपूरला आले होते, ते कॉलेजात येऊन भेटले. त्यांच्याकडून बाकीचं कळलं. बातम्या संपल्या तरी कुणी उठेना. तू बटणाकडे हात नेलास तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "असू द्या उत्तमराव, मधीच काई खबर देतीन." तू हात तिथेच ठेवून बसलास. बद्रुद्दीन म्हणाले, "बटण धरून बसले होते, जसं काई कोंबडी उडून जाईन." माझं भाषण अफवांवर होतं. ऐकलेली गोष्ट पुढे सांगताना आपण तिच्यात काय घालतो, असा विषय होता. ते तू पूर्ण ऐकलंस. पहिल्यांदाच ऐकलंस.

तुला कसं वाटलं हे मी विचारत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली असेल. मी मधे मधे थांबते.

रोहिणखेडहून आल्यापासून हे सुरू केलं. एखादं वाक्य झालं की हूं म्हणण्यापुरती जागा सोडायची. पहिल्याच वेळी केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी काचेपलीकडून हात हलवले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही वाक्य विसरता का?"

मी म्हटलं, "नाही, थांबते."

"रेडिओवर थांबत नसतात. लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं."

बरीच चर्चा झाली. वक्तृत्वावरचे माझे सगळे दाखले त्यांनी शांतपणे ऐकले आणि शेवटी एका श्वासाएवढ्या थांब्याला परवानगी दिली. मी लांब श्वास घेते.

हे कुठून सुचलं असं अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी रोहिणखेडच्या ओसरीचं नाव सांगितलं. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. लहानपणी आपण ज्वारी राखायला जायचो. दुपारी माळ्यावर पडून मी गोष्ट सांगायची आणि तू हूं म्हणायचास. तुला झोप लागायची, पण तुझं हूं झोपायचं नाही. ते पाहायला म्हणून मी एकदा राजाला विहिरीत ढकलून मारला, मग जिवंत न करताच त्याचं लग्न लावलं, मग पुन्हा ढकलला. तुझं हूं चालूच. संध्याकाळी घरी येताना तू म्हणालास, "तुयी आजची गोष्ट चांगली होती."

तसा श्रोता मला नंतर मिळालेला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

मायला आता कोणत्या बाजूनं ऐकू येतं? वहिनींनी कुणाकडून तरी कळवावं.

पंचफुला


दुसरबीड
१२ डिसेंबर १९६५

दादा,

लढाई संपली आणि मंगळवारचा आजार परत आला, असं अहवालावरून दिसतं. असो.

दुसरबीडला मी सून म्हणून आले होते हे इथे फारसं कुणाला आठवत नाही. वाघांचं घर आहे, पुढच्या अंगाला सायकलींचं दुकान झालं आहे. मंडळात मी नाव सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "वाघ म्हणजे कोणते वाघ?" मी म्हटलं, "नागपूरचे." चर्चा पुढे गेली.

इथे पुरुष ओट्यावर बसतात आणि बायका भिंतीपलीकडे. अहवालात बायकांची नोंद नसते, कारण त्या ऐकतच नाहीत असं सगळ्यांनी ठरवलेलं आहे. मी पलीकडे जाऊन बसले. मनकर्णाबाई म्हणून एक आहेत, माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, "आमी कुठं रेडिओ ऐकतो बाई, आमी तर डाळ निवडतो." मग खतावरच्या भाषणात काय चुकलं ते त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मंगळवारच्या भाषणाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ती बाई बोलती चांगली. पण मधीच दम लागतो तिला. बिचारीला दमा असंल."

दुसरी म्हणाली, "दमा कशाचा, सासू मागं उभी असंल."

ती बाई मीच, हे मी सांगितलं नाही. मात्र मनकर्णाबाईंनी पुढे सांगितलं की तिला दम लागला की त्या हूं म्हणतात, म्हणजे तिला धीर येतो. ते मी लिहून घेतलं.

चिखलीला गाडी बदलली की इथून संध्याकाळपर्यंत आपलं गाव येतं. स्टँडवर जाऊन मी पाटी वाचून आले.

आता लिहायलाच बसले आहे तर ते लिहून टाकते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हे गेले आणि मी घरी परत आले, तेव्हा चारचौघांचं न ऐकता तू मला बुलढाण्याला शाळेत घातलंस. पुढे नागपूरला नोकरी लागली. मला सासर उरलं नव्हतं. तरी दर आखाजीला तू मला माहेरी न्यायला मुराळी पाठवायचास. आपले शेतावरचे पुंजाजी रेल्वेनं नागपूरला यायचे, पिशवीत लुगडं घेऊन, आणि कॉलेजच्या व्हरांड्यात मला न्यायला बसायचे. मी एकटी गाडीत बसून येऊ शकत होते, हे तुलाही ठाऊक होतं. पण लेकीला न्यायला माणूस जावा लागतो. तू माणूस पाठवत राहिलास, म्हणून माझ्या एका खोलीलाही घर म्हणता आलं.

बासष्टच्या आखाजीला पुंजाजी आले तेव्हा पिशवीत लुगड्याबरोबर तुझा कागद होता. तू पंचायत समितीला उभा आहेस, धाडला बाजाराच्या दिवशी सभा आहे आणि तिथे माझं भाषण ठेवलं आहेस, असं त्यात होतं. मी पुंजाजींना जेवू घातलं आणि परत पाठवलं. तू म्हणालास, मुराळी रिकामा आला असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. सभेत लोक वाट पाहत बसले, हेही मला कळलं. तू थोडक्यात हरलास.

माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे. माहिती नसलेल्या गोष्टीच्या बाजूनंही छान बोलता येतं, म्हणूनच जपून बोलावं, असं मी मुलांना शिकवते. तू चांगला सदस्य झाला असतास की नाही, मला ठाऊक नव्हतं. तू चांगला भाऊ आहेस एवढं ठाऊक होतं, आणि ते मला धाडच्या बाजारात सांगायचं नव्हतं. मुराळ्याच्या पिशवीत तू सभा घालून पाठवलीस. वेगळी पाठवली असतीस तर मी सभेला नाही म्हटलं असतं आणि आखाजीला आले असते.

तुझंही काही म्हणणं असेल. ते मला अहवालांतून कळत नाही.

तेव्हापासून मुराळी आलेला नाही आणि मीही आलेली नाही. न बोलावता आले तर तू दार लावणार नाहीस. वहिनी पाट मांडतील. पण मी पाहुणी होईन, आणि त्या घरात मला पाहुणी व्हायचं नाही. इकडे मायचा कान जातो आहे. मंगळवारी बटण बंद होतं तेव्हा तुझा राग मला पोचतो, पण ऐकायचं राहून जातं ते तिचं.

उद्या नागपूरला जाते.

पंचफुला


नागपूर
२० फेब्रुवारी १९६६

श्री. निमंत्रक, रेडिओ श्रोता मंडळ, यांस नमस्कार.

पुढच्या महिन्यात एका मंगळवारी केंद्राची ध्वनिमुद्रणाची गाडी आपल्या गावी येत आहे. मंडळातल्या लोकांचे प्रश्न आणि सूचना फितीवर घेऊन त्यांतल्या निवडक पुढे प्रसारित होतील. गाडीबरोबर रामराव म्हणून ध्वनिमुद्रक असतील. साधा माणूस आहे, तिखट चालतं.

माझ्या अभ्यासासाठी त्यांना एक जादा काम सांगितलं आहे. त्या संध्याकाळचं माझं भाषण लोक ऐकत असतील तेव्हाही त्यांनी यंत्र चालू ठेवावं. मला माझं भाषण नको आहे. ते ऐकताना मंडळात काय काय होतं ते हवं आहे. संच त्या दिवशी दुरुस्त असावा, अशी विनंती. गाडीत जादा बॅटरी आहे, असं रामरावांनी आपणहून सांगून ठेवलं आहे.

मी येणार नाही. त्या सुमारास परीक्षांचं काम आहे.

आणखी एक. मंडळात बायकांना बसायची सोय नसेल तर निदान एका म्हाताऱ्या बाईंना पेटीजवळ जागा द्यावी. उजव्या बाजूनं ऐकू येतं असं कळलं आहे. ही विनंती अभ्यासाची नाही. निमंत्रकांनी ती मानलीच पाहिजे असं नाही.

आपली,
पंचफुला वाघ


नागपूर
२३ मार्च १९६६

दादा,

फीत आली. विभागातल्या खोलीचं दार लावून ऐकली. एकदा अभ्यासासाठी ऐकली, मग पुन्हा ऐकली.

रामराव म्हणाले की निमंत्रकांनी घरून स्वतः खुर्ची आणली आणि एका म्हाताऱ्या बाईंना पेटीला लावून बसवलं. पुरुषांत बाई कशी, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा निमंत्रक म्हणाले, "माय हाय माही." रामरावांना तो किस्सा वाटला. त्यांनी तो मला दोनदा सांगितला.

फितीवर काय आहे ते जसं आहे तसं लिहिते, कारण तिथे बसलेल्यांना ते ऐकू आलं नसेल. सुरुवातीला बाकं सरकतात. बाहेर कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजते. मास्तर दिनांक वाचतात. मग माझं भाषण सुरू होतं. आवाज तुझ्या संचातून येऊन फितीत गेलेला, त्यामुळे जरा किरटा झाला आहे. रागावलेल्या माणसाची समजूत घालताना आपण मोठ्यानं का बोलतो, असा विषय होता. तो मी मुद्दाम निवडला नव्हता. निवडला होता, असंही म्हणता येईल.

पहिला थांबा येतो. सगळं सामसूम. मग कुणीतरी विचारतं, "बॅटरी गेली काय?" आणि एक आवाज म्हणतो, "गप बैस." तो तुझा.

दुसऱ्या थांब्याला पुंजाजींचं हूं आहे. स्पष्ट आहे, खोकल्यासकट. ते रेडिओला म्हणाले की सवयीनं म्हणाले, ते ठरवता येत नाही.

तिसरा थांबा मी जरा लांब घेतला होता. अधिकारी त्या दिवशी रजेवर होते. तिथे मायचा आवाज आहे. यंत्र अगदी तिच्याजवळ असावं, कारण बांगड्यांचाही आवाज आला आहे. ती म्हणते, "थांबली ना ते." मग ती म्हणते, "उत्तम, काऊन गप बसला रे. हूं म्हण ना. पोरगी थांबली ना."

मागे कुणीतरी हसतं आणि लगेच हसायचं थांबतं.

मग तुझं हूं आहे. त्याला उशीर झाला. तोवर माझा श्वास संपून मी पुढच्या वाक्याला लागले होते, म्हणून ते माझ्या 'आणि' या शब्दावर पडलं आहे. शब्द नीट ऐकू येत नाही, हूं ऐकू येतं. त्यानंतरच्या प्रत्येक थांब्याला ते आहे. वेळेवर आहे.

पहिल्या वेळी मी फीत तिथेच बंद केली. अभ्यासाच्या दृष्टीनं तसं करायला नको होतं. पुढचा भाग दुसऱ्या दिवशी ऐकला.

पुढे प्रश्न आहेत. खत, गोदाम, हरभऱ्यावरची अळी. शेवटी रामराव विचारतात, "निमंत्रक साहेब, कार्यक्रमाबद्दल काही सूचना?" तू घसा साफ करतोस. सभेत बोलताना करायचास तसाच. मग म्हणतोस:

"सूचना अशी हाय का, मंगळवारच्या बाई मधीच थांबतात. लोकाइले वाटते बॅटरी गेली. त बाईनं एकडाव येऊन मंडळाले समजावून सांगा लागते, काऊन थांबता म्हणून." इथे तू थांबतोस. रामराव हूं म्हणत नाहीत, ते नागपूरचे आहेत. मग तू म्हणतोस, "गाडीनं येत नसतीन त सांगा म्हणा. पुंजाजीले पाठवतो."

काल अधिकाऱ्यांबरोबर फीत कापायला बसलो. प्रसारणासाठी त्यांनी अळी ठेवली, गोदाम ठेवलं. तुझ्या सूचनेशी आल्यावर म्हणाले, "हा पुंजाजी कोण? श्रोत्यांना काही कळायचं नाही. काढून टाकू." मी म्हटलं, काढा. त्यांनी ब्लेडनं तेवढी फीत कापली आणि दोन टोकं चिकटवून टाकली. प्रसारणात आता तू अळीवरून सरळ नमस्कारावर येशील.

कापलेला तुकडा मी मागून घेतला. कशाला हवा, असं त्यांनी विचारलं. अभ्यासासाठी, म्हटलं.

इतकी वर्षं मी मुलांना शिकवत आले की बोलणाऱ्यानं आपला श्रोता कोण ते आधी ठरवावं. तुझं हे बोलणं सगळ्या जिल्ह्यासमोर होतं आणि एकाच माणसासाठी होतं. वर्गात ते दाखवायला मला आवडलं असतं. दाखवणार नाही.

सूचनेवर विचार करून कळवते.

पंचफुला


नागपूर
२० एप्रिल १९६६

श्री. उत्तमराव सोनुने,
निमंत्रक, रेडिओ श्रोता मंडळ,
यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाची सूचना मिळाली होती. मंगळवारच्या वक्त्या मधेच का थांबतात याचा खुलासा त्यांनी प्रत्यक्ष येऊन करावा, हे म्हणणं रास्त आहे. कळवते असं लिहिलं आणि कळवलं नाही, याचं कारण मी वाट पाहत होते. सूचना तोंडी होती, आणि पुढाऱ्यांच्या तोंडी आश्वासनांवर मी एक सबंध प्रकरण लिहिलेलं आहे.

आज सकाळी पहिला तास संपवून बाहेर आले तर व्हरांड्यात पुंजाजी बसले होते. आता पार म्हातारे झाले आहेत. मुलींनी खुर्ची दिली होती, ती तशीच बाजूला होती. ते भिंतीशी, आपल्या वहाणांजवळ, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मला पाहून उठले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमच्या इथल्या पोरी लय जोरात बोलतात. मले समदं ऐकू आलं."

मी म्हटलं, "वक्तृत्वाचा तास होता."

"असंन," ते म्हणाले. "मालकीणबाईनं सांजोऱ्या देल्या हायेत. माय म्हणे पोरीले आधी खाऊ घाल, मंग बोल."

मी व्हरांड्यातच खाल्ल्या. मुली पाहत होत्या. मग मी विचारलं, "पिशवीत आणखी काय आहे?"

"लुगडं हाय."

"आणखी?"

पुंजाजींनी माझ्याकडे पाहिलं. बासष्ट साली हीच पिशवी घेऊन ते परत गेले होते. म्हणाले, "नाई बाई. निंगाच्या टायमाले मालकानं पिशवी उलटी करून झटकली. मंग पुन्हा झटकली. म्या म्हटलं, मालक, साप हाय काय? त म्हणाले, नाई, पाहून घेतो."

मी रजेचा अर्ज दिला आहे. येत्या मंगळवारचं भाषण होणार नाही, तेव्हा त्या दिवशी आपला संच खुशाल चालू ठेवावा. मंडळाला द्यायचा खुलासा थोडका आहे, तो मी मायच्या खुर्चीशेजारी बसून, उजव्या बाजूनं देईन.

हे पत्र जाताना स्टेशनवर पेटीत टाकीन. मी पोचल्यानंतर ते आपल्याला मिळेल, तेव्हा वाचलं नाही तरी चालेल. मास्तरांकडे देऊन अहवालांबरोबर ठेवून द्यावं.

पुंजाजी दारात उभे आहेत. पिशवी त्यांनी मला उचलू दिली नाही. मघापासून तिसऱ्यांदा विचारताहेत, "बाई, निंगाचं ना?"

मी हूं म्हटलं आहे.

पंचफुला